पुडी संपली नव्हती

—नाही हो ताई, औषधात काही खोट नाही, तसं लिहू नका. खुर्ची नाही इथं, त्या क्रेटवर बसा, पालथाच आहे. मालकांना वाटतं तुमच्या कंपनीनं डबाच खराब पाठवला, मुकादमाला वाटतं माझ्या जाऊबाईंनी घोळ घातला, आणि टोमॅटो तर तुमच्यासमोरच आहेत — नाकं आलीत एकेकाला. मुकादम म्हणाला, हे टोमॅटो आहेत का पोपट? सगळे हसले. मीपण हसले. कापून बघा हवं तर, आत पोकळ, बोट जाईल एवढी जागा. दोनदा औषध लागलं की असंच होतं. एका घोसाला एकदाच मारायचं, अर्धी फुलं उमलली की एक फुसकारा, बस. या प्लास्टिकच्या घरात वारा नाही, माशी नाही, मग फूल धरणार कशानं? गळतं. म्हणून हे. डब्यावर संजीवक छापलंय, आम्ही औषधच म्हणतो.

मारायचं कसं, दाखवते ना — हा घोस असा दोन बोटांत धरायचा, दुसऱ्या हातात बाटली, आणि धरलेल्या हाताचा तळवा असा मागं आडवा ठेवायचा, आडोसा म्हणून. कशाला? अहो, शेंड्याला थेंब लागला तर पानं दोरीसारखी वळतात. शेंड्याला जपायचं, हाताचं काय, हात धुता येतो. हातमोजे? आहेत की मोजे, ते काय खिळ्याला लटकलेत, पुरुषाच्या मापाचे. ते घातले तर देठ चिमटीत येत नाही. आणि औषधात पुडीतला चिमूटभर लाल रंग कालवायचा असतो, नाहीतर कळणार कसं कुठला घोस झाला नि कुठला राहिला? आज मी मारणार, परवा जाऊबाई — लाल दिसला की पुढं जायचं. कालवायचं काम माझं. सातवी झालीय माझी, डब्यावरचं माप वाचता येतं. जाऊबाईंना अक्षर येत नाही, पण हात माझ्याहून साफ. बारा वर्षं काढली त्यांनी इथं. मला आत्ता कुठं दोन होतील.

रंग संपला होता का? — हो. म्हणजे, मी तसं सांगितलं होतं.

मुलगी आहे मला. आता आठ महिन्यांची, तेव्हा सहाची असेल. इथंच, ओळीच्या टोकाला क्रेटमध्ये गोधडी घालून ठेवायचे. एकदा दूध पाजलं नि बघते तर ओठ लाल. गालावर माझी चार बोटं. मी हात धुतले होते ताई, कोपरापर्यंत धुतले होते, पण तो रंग दोन दिवस सुटत नाही. मग बसून डबा वाचला, सगळा. आधी नुसतं माप वाचायचे. खाली बारीक अक्षरात, लहान मुलांपासून दूर ठेवा. तुम्हीच छापता ना ते? किती दूर, ते नाही लिहिलेलं. डॉक्टरकडे नेली, ते म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे, तुम्ही मोजे घाला. झालं.

तेव्हापासून रंग घालायचा सोडला. रंग गेला म्हणून औषध जात नाही, एवढं कळतं मला. पण कळणं वेगळं नि झोप लागणं वेगळं. हात स्वच्छ दिसले की झोप लागायची. जाऊबाईंना म्हटलं, रंग संपलाय, मी मारलेल्या ओळीच्या टोकाला चिंधी बांधत जाईन. बांधायचेही. एक दिवस पोरगी रडरड रडली, तिला घेऊन निघाले तशीच, सहा ओळींना चिंधी राहिली. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी त्याच सहा मारल्या. त्यांची काय चूक? काहीच नाही. महिन्यानं नाकं दिसायला लागली. कुठली ओळ कुणी मारली ते मुकादम फळ्यावर लिहितो, त्यानं तिथं बघितलं, शेवटचा हात त्यांचा. विचारलं, बाई, रंग दिसला नाही का तुम्हाला? मी तिथंच होते, इथून त्या खांबाएवढ्या अंतरावर. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं नि म्हणाल्या, डोळे अधू झालेत माझे. डोळे कसले अधू — अजून सुईत दोरा ओवतात. मी नाही बोलले. बोलणार होते, पण नाही बोलले. सोमवारपासून येऊ नका म्हणाला.

आता घरी त्याच पोर सांभाळतात. म्हणजे बघा, पोरीला इथं आणायलाच लागत नाही. माझं भलंच झालं की. एकटीच मारते सगळ्या ओळी, माझं मला आठवतं, रंग कशाला हवा? काल पोर माझ्याकडे देताना म्हणाल्या, "हात किती स्वच्छ असतात गं तुझे हल्ली." एवढंच. आणि भांडी घासायला बसल्या. मला रडू यायला हवं होतं, नाही? नाही आलं. पोरीचा लंगोट बदलला, दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या. घड्याच घालत बसले बराच वेळ, घातलेल्या मोडून परत.

तुमचं पेन मघाशी थांबलं होतं ना? मग हे — हे सगळं लिहिलंत? मालक वाचतील? म्हणजे त्या परत येणार नि मी घरी. नि पोर... नको, खोडू नका. खोडलेलंच आधी दिसतं. जाऊबाईंचं नाव जिथं जिथं आलंय, तिथं माझं घाला. हो, माझं. राहू द्या.

उठा आता, ऊन चढलं की औषध मारता येत नाही, उमललेले घोस तसेच राहिलेत. निघा तुम्ही. आणि जाता जाता ती पुडी द्या इकडं, तुमच्या क्रेटच्या मागं आहे — हो, तीच, लाल. सांभाळून धरा, भरलेलीच आहे.