हातात चेंडू नसतानाचा मार

मी मूळचा सांगलीचा. आमच्या गल्लीच्या कबड्डी संघाचा गुणलेखक, म्हणजे खेळायची ताकद नाही म्हणून वही घेऊन रेषेबाहेर बसणारा, आणि ते बसणंच मला आयुष्यभर पुरलं बघा. इकडे अमेरिकेत पिस्कॅटवेला स्टॅटिस्टिक्स शिकायला आलो, विमा कंपनीत जन्म काढला, आणि निवृत्तीनंतर घरी करमेना म्हणून एका व्यावसायिक फुटबॉल संघात मॅचची फिल्म बघून आकडे मांडायची नोकरी धरली. फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू हातात घेऊन पळायचा. बायको म्हणाली, अहो, टीव्ही बघायला पगार देतात? म्हटलं, देतात. ती गेली आता, आणि संपादकसाहेब, जे तुम्हाला सांगतोय ते तिलाही सांगितलं नव्हतं मी.

काय सांगू तुम्हाला, दर रविवारी टीव्हीवर तीच चर्चा, पळणाऱ्या क्वार्टरबॅकचा हा खेळ टिकणार का. क्वार्टरबॅकच्या हातून प्रत्येक डाव सुरू होतो. जुन्या पद्धतीत तो मागे उभा राहून चेंडू फेकतो, बाकीचे त्याला जपतात. नव्या पद्धतीत तो स्वतः पळतो, किंवा शेजारच्याला चेंडू देऊन तो आपल्याकडेच आहे असं भासवत पळतो, समोरचे फसले पाहिजेत. आपल्याकडे कबड्डीत कॅप्टनच चढाईला जातो ना, तसं. मला फार आवडायचं ते, खोटं कशाला बोलू, अजून आवडतं.

आमचा क्वार्टरबॅक वेस्ली. माझं आडनाव त्याला जमेना, म्हणून मी मिस्टर जी. फिल्मच्या खोलीत डोकावून विचारायचा, मिस्टर जी, आज मी देखणा दिसतोय का? मी म्हणायचो, पडतोस मात्र वाईट. हसायचा. तर संघाच्या मालकांना शंका आली की हा पळून पळून मोडणार. कोच मला म्हणाले, तुम्ही मोजा, पळताना जास्त मार बसतो की उभं राहून फेकताना. मी मोजलं. पळताना कमी बसत होता, कारण पळणाऱ्याला समोरचा येताना दिसतो. कोचनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, प्रोफेसर म्हणाले. इतकी वर्षं मी कोपऱ्यातला म्हातारा, त्या दिवशी प्रोफेसर.

पण मी मोजलं कसं, तर गुणलेखकासारखं. चेंडू ज्याच्या हातात त्याचाच मार धरायचा. माझा तक्ता मालकांपुढे ठेवायची मीटिंग ठरली, आणि तिच्या आदल्या दुपारी मी सहज वरच्या कॅमेऱ्याची फिल्म लावली, ज्यात अख्खं मैदान दिसतं. बघतो तर काय, वेस्लीनं चेंडू देऊन टाकलाय, सगळे चेंडूमागे धावतायत, आणि इकडे एक जण येऊन त्याला आडवा करतोय. नियमात बसतं ते, तो चेंडू असल्याचं नाटक करतोय ना. पुढचा डाव लावला, तेच. त्याच्या पुढचा, तेच. आणि ह्यातला एकही मार माझ्या तक्त्यात नाही.

मी मशीन बंद केलं आणि कुणाला न सांगता घरी गेलो. पाठ थोपटलेली होती हो. मीटिंगमध्ये तक्ता दाखवला गेला, ती पद्धत चालू राहिली, आणि त्याच सीझनमध्ये वेस्लीचा गुडघा गेला. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता तेव्हा. मग सगळे म्हणायला लागले, त्याची हाडंच नाजूक, बघा, तक्ता सांगतो की मार काही फार नव्हता. माझा तक्ता! त्यानंतर कुठल्याच संघानं त्याला घेतलं नाही. तेही मी ऐकून घेतलं.

ती नोकरी मी कधीच सोडली, पण गेल्या महिन्यात संघातून एका नव्या असिस्टंटचा फोन आला. सर, आम्ही नवीन पळणारा क्वार्टरबॅक घेतलाय, तुमचा जुना तक्ता अजून वापरतो, फार उपयोगी आहे. म्हटलं, तो वापरू नका, चुकलाय, मी परत मोजून देतो. जुनी फिल्म मागवली आणि जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, इथेच जन्मलेली. ती म्हणाली, बाबा, लेट इट गो ना, यू आर नॉट वेल. मग शेजारी बसली, दोन-तीन डाव बघितले. म्हणाली, हा गुडघा एका दिवसात नाही गेला, बाबा.

नवा तक्ता संघाला पाठवला आणि वेस्लीला पत्र लिहिलं, सगळं, ती दुपारसुद्धा. तो आता एका शाळेत कोच आहे. त्याचा फोन आला. मला वाटलं, शिव्या देईल. म्हणाला, मिस्टर जी, मला मार बसतोय हे मला कळत होतं, मला वाटायचं तुम्ही मोजताय. मी सॉरी म्हटलं. त्यानं एवढंच विचारलं, त्या नव्या पोराला कोणी सांगितलंय का?

संघाकडून अजून उत्तर नाही. काल मी स्वतः फोन केला, तर म्हणाले, बघतो सर. परवा रविवार, एक वाजता त्यांची मॅच. तुम्ही हे तुमच्या अंकात छापा, माझं नाव घालून छापा. हा खेळ टिकेल की नाही मला विचारू नका, आधी नीट मोजू द्या. त्या नव्या पोराला मी कधी भेटलो नाही, नुसता टीव्हीवर पाहिलाय, पळतो फार सुंदर. सुखरूप राहू दे त्याला. दुपारचा चहा लवकर घेऊन मी टीव्हीपुढे बसणार आहे, आणि चेंडू कुणीकडे का जाईना, मी त्याच्याकडेच बघणार आहे.