अनंतरावांची टिटवी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचा भार इतकी वर्षं वाहणारे श्रीमान भगवानराव, मंचावर दाटीवाटीनं बसलेली पाहुणे मंडळी, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते माझे स्नेही अनंतराव खेर्डेकर सर, सौ. सुलभावहिनी, शिक्षकवृंद, विद्यार्थी मित्र आणि मागं दाराशी उभ्या राहिलेल्या माता-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याआधी बरीच मंडळी बोलली. सरांना कोणी दीपस्तंभ म्हणालं, कोणी ज्ञानाचा महासागर म्हणालं. एकदा दीपस्तंभ झाल्यावर पुन्हा महासागर कशाला व्हायचं, हे मला कळलं नाही, पण असो. मी या खामगावातला साधा फोटोग्राफर. हयात काळोख्या खोलीत गेली, त्यामुळं एवढ्या उजेडात बोलायची सवय नाही. शिवाय लग्नसराई चालू आहे. खरं सांगू का, मी फार थकलो आहे. बसून बोलायची परवानगी मागणार होतो. पण अध्यक्ष महोदयच या वयात उभे राहून बोलले, मग माझी काय बिशाद?

सरांनी आपल्या मुलांना शास्त्र शिकवलं हे आपण जाणता. पण दर रविवारी हा गृहस्थ गळ्यात कॅमेरा अडकवून सायकलीनं जनुना तलावाकडं जात असे आणि पोटावर पडून पाखरांचे फोटो काढत असे, हे किती जणांना ठाऊक आहे? रोल धुवायला येई माझ्याकडं. आणि तिथंच आमचं वाजायचं.

सज्जनहो, आता तुम्हीच न्याय करा. नुसतं पाखरू कोण पाहतं? दारात बसलेलं फुकट दिसतं. फोटोत काही कलाकुसर नको का? मी फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरच्या भिंगावर मलमलचा तुकडा ताणून धरायचो, की तलावावर झकास धुकं उतरायचं. कागदावर खरखरीत जाळी ठेवली, की चित्रकारानं कापडावर रंगवल्यासारखा बगळा दिसायचा. भर दुपारचा फोटो निळ्या रंगात बुडवून मी चांदणं पाडलेलं आहे. अध्यक्ष महोदयांच्या बैठकीत जो गुलाबी बगळा टांगलेला आहे, तो सरांच्याच निगेटिव्हवरचा. रंग माझा, आणि आग्रह भगवानरावांचा. ते हसताहेत, म्हणजे कबूल आहे.

आणि सर काय म्हणायचे? प्रत हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "जानराव, या पाखरानं काय घोडं मारलं तुमचं? याले काऊन नटवलं?"

मी म्हणायचो, "सर, नवरीच्या फोटोतले देवीचे वण मी पुसतो, तिरळा डोळा सरळ करतो, तवा लोक मले बसवून चहा पाजतात. तुम्हीच एक आहा, नावं ठेवणारे."

"नवरीले लग्न करायचं आहे. पाखराले काय करायचं आहे?"

 तरी मी माझं सोडलं नाही आणि त्यांनी त्यांचं सोडलं नाही. दर रविवारी तेच. दुकानात आलेली गिऱ्हाईकं आमचं भांडण ऐकत बसायची. चीनच्या लढाईच्या साली बाजारात फिल्म मिळेना, तर सर रिकाम्या हातानं आले आणि मागच्या वर्षीच्या फोटोवरून भांडून गेले. वीस-बावीस वर्षांत या माणसाच्या तोंडून 'छान' हा शब्द मी ऐकला नव्हता.

तर, या दिवाळीनंतर सर दुकानात आले. निवृत्ती जवळ आलेली, पुढं मुलाकडं नागपूरला जायचं ठरलेलं. म्हणाले, "जानराव, ती टिटवीची जुनी निगेटिव्ह आहे ना, तिची एक मोठी प्रत करून द्या. सोबत न्यायची आहे." तो फोटो सरांचा जीव की प्राण. तलावाच्या काठी गोट्यांत टिटवीनं अंडी घातलेली, एक गाय चरत चरत थेट त्यांच्यावर आलेली, आणि ती वीतभर टिटवी दोन्ही पंख पसरून गाईसमोर उभी राहिलेली.

मला खोडी सुचली. म्हटलं, जाता जाता एकदा चांगलं चिडवू. मलमल दुहेरी लावली. धुकं असं दाटलं, की गाय दिसेना, टिटवी दिसेना. प्रत त्यांच्या हातात दिली आणि शिव्या ऐकायला तयार होऊन उभा राहिलो. सरांनी ती उजेडाकडं धरली, बराच वेळ धरली, आणि म्हणाले, "छान. अशीच पाहिजे होती. काही केलं नाही ना याले?"

मंडळी, ते धुकं त्यांना दिसलंच नव्हतं. मी म्हटलं, "नाही सर, काहीच नाही केलं."

सरांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं, हे आपल्याला माहीत आहे. दुसराही डोळा गेल्यात जमा आहे, हे मात्र त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. नोकरी पुरी करायची होती. धडे तोंडपाठ होते, मुलं आवाजावरून ओळखू येत होती. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी सांगितलं, "भाऊजी, आता नागपूरले दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करतील. तोही गेला तर? तोवर आपली टिटवी एकदा पाहायची होती त्याहिले. तुमच्यासमोर दिसत नाही म्हणायची लाज वाटली." हे इथं बोलू का, असं मी वहिनींना विचारून घेतलं आहे. त्या म्हणाल्या, बोला, आता नोकरी संपली.

मग मी कामाला लागलो. अकोल्याहून छापखान्याचे ब्लॉक करणाऱ्यांची, करडं न उमटणारी फिल्म आणली. त्या निगेटिव्हची कॉपी, त्या कॉपीची पुन्हा कॉपी, असं करत करत सगळा करडा रंग उडवला. गवत गेलं, पाणी गेलं, आभाळ गेलं. उरलं फक्त ठार काळं आणि पांढरंफेक. आजवर इतका भडक प्रकार मी अध्यक्ष महोदयांसाठीसुद्धा केलेला नाही. किती कागद वाया गेले, विचारू नका. पाठ धरली होती. आणि सारखं वाटत होतं, एवढं करूनही दिसलं नाही तर मी या माणसाला काय तोंड दाखवू?

दारभर मोठी प्रत केली आणि त्यांच्या घरी खिडकीशी उभी केली. सर जवळ गेले. नाक टेकेल इतके जवळ. बोट फिरवत म्हणाले, "हा पंख. हा दुसरा. ही चोच उघडी. हे गाईचं तोंड." बोट खाली आलं आणि थांबलं. सर गरकन वळले.

"जानराव! अंडी कुठं गेली? अंडी खाल्ली तुम्ही!"

खरंच गेली होती. करड्या गोट्यांतली करडी अंडी, करड्यासोबतच उडाली होती. मी तिथंच रडलो. सरांना अंडी नाहीत हे दिसलं होतं! वहिनींनी डोळ्याला पदर लावला, आणि सर आपले बोलतच होते, की अंडीच नाहीत तर ती बिचारी कशासाठी उभी आहे, तुम्हाले काही अक्कल?

नागपूरला काय होईल ते मी जाणत नाही. डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. मी नवस बोलणारा माणूस नाही, पण बोललो आहे. आणि माझं दुःखही सांगून टाकतो. आता माझं काम सगळ्यांना छानच वाटणार. मला त्या छानपणाचा आत्तापासून कंटाळा आला आहे.

असो, फार वेळ घेतला. संस्थेनं मला इथं बोलावलं, आपण शांतपणे ऐकून घेतलं, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कमीजास्त झालं असेल, तर आपण मोठ्या मनानं पोटात घालावं. सर, तुम्ही मात्र घालू नका. उद्या सकाळी तुमची गाडी आहे. माझं काय काय चुकलं, ते आत्ताच सांगा.