सेन्सरची वायर

फ्रीगंजमधल्या पीयूसीच्या रांगेत माझ्यापुढच्या गाडीला टेकून भाऊ-बहीण बोलत होते.

"अवंती, सेन्सरची वायर तू जोडलीस?"

"हो दादा, मीच."

"मला न विचारता? इंदूरहून ट्यूनिंग करून आणलं होतं मी!"

"काढताना मला विचारलं होतंस? गाडी माझी आहे."

"अगं, ओपन लूपमध्ये काय मस्त पळत होती! ठरवून दिलेलं पेट्रोल सोडायचं, बस्स. कम्प्यूटरची कटकटच नाही."

"आणि जास्त सोडलं तर त्याला कळणार कसं? धूर हुंगणारा सेन्सरच तू बंद केलास. सिग्नलला थांबलं की मागच्या सीटवर आपले तात्या खोकून बेजार. काल राम घाटाला निघाले आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले."

"तात्यांचा दमा जुनाच आहे."

"म्हणून त्यांना पेट्रोलचा वास द्यायचा?"

"पण क्लोज्ड लूपमध्ये, कम्प्यूटर सेन्सरचं ऐकून पेट्रोल सोडायला लागला की, पावर मरते ना!"

"कशी मरेल? ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलास की कम्प्यूटर तसाही सेन्सरचं ऐकत नाही. एरवी मात्र ऐकणार."

"दोस्तांना काय सांगू मी?"

"सांग, बहिणीने जोडली."

तपासणीवाल्याने सायलेन्सरमधली नळी काढली आणि कागद तिच्या हातात दिला. "मॅडम, आपकी गाडी पास है."

"चल, चावी दे. संध्याकाळी काढतोच ती वायर."

"चावी आजपासून माझ्याकडे. घरी यायचं तर बाजूला बस, नाहीतर ई-रिक्षा पकड."

ती स्टिअरिंगमागे बसली. तो बाजूच्या सीटवर बसला आणि त्याने दार जोरात आपटलं.