कमानीवरची व्हायोलिनं

...आणि वर मलाच विचारतात, 'सर, तुमचा चेहरा असा का?' आता चेहरा कसा असायला हवा होता, तुम्हीच सांगा. वस्तीतल्या मुलांना व्हायोलिन शिकवतो मी, सभागृहाच्या माडीवरच्या खोलीत. पंखा लावला तर स्वर ऐकू येत नाही, बंद केला तर मुलं ऐकत नाहीत, अशी खोली. आणि खाली वर्षातून एकदा भरतो आमचा संगीत महोत्सव. कशासाठी? तर संगीत शिक्षणासाठी. बॅनरवर तसं लिहिलंय ना, अध्यक्षांच्या फोटोतून जेवढी जागा उरली तेवढ्यात.

बरं, आजवर या महोत्सवानं आम्हाला काय दिलं? खुर्च्या. म्हणजे बसायला नाही हो, ठेवायला! महोत्सव जवळ आला की क्लास बंद, खोलीत छतापर्यंत खुर्च्या, आणि मुलं जिन्यात ओळीनं उभी राहून सराव करतायत, येणाऱ्याजाणाऱ्याला व्हायोलिनच्या गजाचं टोक बोचतंय... आणि अध्यक्ष, ते गळ्यातून बोलतच नाहीत, पोटातून बोलतात, 'थोडं सहन करा हो सर. शेवटी हे सगळं कशासाठी? संगीत शिक्षणासाठीच ना?'

केलं सहन. पण यंदा गोष्ट वेगळी होती. माझ्याकडे एक मुलगी आहे, शिंपीणबाईंची धाकटी. चिमणी म्हणतो आम्ही तिला, बोलते चिमणीएवढंच. पण गज हातात घेतला की... जाऊ दे, तिचं कौतुक करायला लागलो तर मी थांबायचा नाही. तर यंदा पाहुण्या कोण? मोठ्या संगीत विद्यालयाच्या प्राचार्याबाई. आणि त्या आमच्या मुलांना ऐकून एकाला निवडणार, राहणं-शिकणं सगळं फुकट. वयाची अट अशी की चिमणीला हे शेवटचं वर्ष. शिंपीणबाईंनी चालतं मशीन थांबवून मला विचारलं, 'सर, होईल ना हो तिचं?' मी म्हटलं, 'बाई, त्यांना फक्त एकदा ऐकू द्या.'

आणि एक दिवस अध्यक्ष माडीवर हजर. धापा टाकत, पण स्वतः! 'सर, सगळी व्हायोलिनं द्या बघू. पॉलिश करून आणतो. स्टेजवर कशी चमकली पाहिजेत!' मी म्हटलं, देव पावला. इतक्या वर्षांत कुणाला तरी वाद्यांची आठवण झाली. मुलांची दिली, माझंसुद्धा दिलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात ना? इथं होता तोही काढून नेला.

महोत्सवाच्या संध्याकाळी सभागृहात शिरलो आणि बघतो तर काय! स्टेजवर कमान. कमानीवर आमची व्हायोलिनं. सोनेरी! तारांसकट ऑइलपेंट मारलेला, आणि प्रत्येकाच्या पाठीत स्क्रू! माझं मधोमध, मोठं म्हणून. सजावटवाला मान तिरकी करून आपलंच काम न्याहाळतोय. मी म्हटलं, 'अहो, यातलं एक तरी काढा, मुलीला वाजवायचंय.' तर तो भांबावला बिचारा. 'वाजवायचंय? मला तर म्हणाले, थीमला लागतात.' थीम? कसली थीम? तर संगीत शिक्षणाची.

धावत अध्यक्षांना गाठलं. 'अहो, चिमणी वाजवणार कशावर?' तर पोटातून हसले. 'सर, तुम्ही कलावंत लोक फार टेन्शन घेता. व्हायोलिन दिसतंय ना लोकांना? आणि मुलीलाही आणतो की स्टेजवर!' आणलं की. आईनं खास शिवलेला झगा घालून चिमणी आली, प्राचार्याबाईंच्या हातात गुच्छ दिला आणि मागे सरली. टाळ्या पडल्या. मग भाषण. संगीत शिक्षणाचं महत्त्व या विषयावर अध्यक्ष इतकं बोलले, इतकं बोलले, की मुलांच्या कार्यक्रमाची वेळच संपली. एका पोरानं वाजवलं नाही आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बाई निघाल्या तसा मी आडवा गेलो. 'बाई, या मुलीला एकदा ऐका हो.' भल्या बाई, थांबल्या. म्हणाल्या, 'ऐकवा ना. मला उद्याच नाव द्यायचंय.' ऐकवा! कशावर ऐकवू? मी वर बघितलं. त्यांनीही वर बघितलं. म्हणाल्या, 'सजावट मात्र सुंदर केलीय तुम्ही.' आणि गेल्या. निवड कुणाची झाली म्हणता? कुणाचीच नाही. दारात शिंपीणबाई उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आता क्लास सुरू झालाय. व्हायोलिनं परत आली, सोनेरीच. गज ओढला की डबा घासल्यासारखा आवाज येतो. अध्यक्ष म्हणतात, 'आता कशी कायमची टिकतील!' टिकतील की, वाजलीच नाहीत तर झिजतील कशाला?

चिमणी पण आली हो. रडली नाही, कुरकुरली नाही. मागे बसून राहिली, आणि निघताना डावा हात पुढे करून विचारते, 'सर, आता नखं वाढवली तर चालतील?' तुम्हाला सांगतो, व्हायोलिन वाजवणाऱ्याला डाव्या हाताला नखं ठेवता येत नाहीत, तारेवर बोटच बसत नाही. ही पोर क्लासात आली त्या दिवसापासून बोटं कोरून कोरून नखं कापत आलीय. म्हटलं, वाढव बाळ. पुढच्या वर्षीही गुच्छ तुझ्याच हातात देणार आहेत, नखं शोभून दिसतील.