अर्धा खेळ

जावा बेटावरच्या आमच्या दवाखान्यात डॉक्टर वेळेवर आला तर आभाळ कोसळेल. रांगेत माझ्यापुढे तापलेलं पोर मांडीवर घेऊन वारसिनी बसली होती, शेजारी तिची सासू.

“एकुलत्या पोराला काळराक्षस खातो. त्याला हाकलायला छायाबाहुल्यांचा खेळ लाव म्हटलं होतं.”

“लावला ना, आई. मोबाइलवर. सूत्रधार चांगला नावाजलेला होता.”

“त्यानं आपल्या पोराकडे बघितलं?”

“तो कसा बघेल?”

“मग राक्षसाला घालवलं कुणी?”

“तिथपर्यंत गेलेच नाही. राक्षस पडद्यावर आला, हा रडायला लागला, मी बंद केलं.”

“समोर बसलेला सूत्रधार असा बंद झाला असता का गं? राक्षसाला हाकलल्याशिवाय तो जागचा उठला नसता.”

“घाबरवू नका, आई.”

“मोबाइल कुठाय तो?”

“त्याच्याच हातात. त्याशिवाय गप्प राहत नाही.”