एस्थरने दिलेली गोष्ट

(एटोबिको. रविवार दुपार. चर्चमधल्या मिसाहून परतलेली नाओमी स्वयंपाकघरात कोळंबी सोलते आहे. कस्तुरी वॉटर्लूहून तडक आली आहे, अंगातलं जॅकेटही अजून काढलेलं नाही.)

कस्तुरी : ताई, तू आधी मला नीट सांग. एस्थरने तुला गोष्ट दिली म्हणजे नक्की काय केलं?

नाओमी : अजून दिली नाही. शनिवारी देणार आहे, चार माणसं बोलावून. मराठीत ही गोष्ट यापुढे नाओमीने सांगायची, असं त्यांच्यासमोर बोलणार.

कस्तुरी : तुला? तू तर तिला आंघोळ घालायला जातेस.

नाओमी : मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीचे दिवस दुसरी येते.

कस्तुरी : सॉरी. मला तसं नव्हतं म्हणायचं.

नाओमी : तसंच म्हणायचं होतं. बस ना, उभी का?

कस्तुरी : अगं, सहा वर्षं मी तिच्या लिखाणावर पीएचडी करतेय. तिच्या लोकांचं, इथल्या मूळ रहिवाशांचं जगणं समजावं म्हणून पार पश्चिमेला तिच्या बेटावर जाऊन आले, फेरीबोटीत ओकत. तिचं अख्खं पुस्तक मराठीत केलं. पुण्याला छापायला गेलंय, पुस्तकाचं नावसुद्धा त्याच गोष्टीवरून ठेवलंय. आणि परवा तिच्या मुलीची मेल येते, बाकीचं सगळं छापा, ही एक गोष्ट सोडून.

नाओमी : माहीत आहे. एस्थर सांगत होती, मुलगी टाइप करत होती. मी तिथेच होते.

कस्तुरी : तिथेच होतीस आणि गप्प बसलीस.

नाओमी : मी तिचे केस विंचरत होते.

कस्तुरी : माझ्याकडे तिच्या पब्लिशरची लेखी परमिशन आहे.

नाओमी : पब्लिशरची थोडीच आहे ती गोष्ट? तिच्या आजीच्या घराण्याची आहे. पुस्तकात छापली तरी घराण्याचीच राहते, असं त्यांच्यात धरतात. तू मिसिसागाच्या कार्यक्रमात वाचून टाळ्या घेतल्यास, त्याचा व्हिडिओ कुणीतरी तिला दाखवला. म्हणाली, पोरगी वाचते छान, पण मला विचारलं नाही तिने.

कस्तुरी : माझा तिसरा चॅप्टर त्याच्यावरच आहे. गोऱ्यांनी यांच्या गोष्टी न विचारता कशा नेल्या. साठ पानं लिहिलीत मी.

नाओमी : मग तुला तर ठाऊकच होतं.

कस्तुरी : मला वाटलं, आपली गोष्ट वेगळी. आपल्यावरही त्यांनीच राज्य केलं ना.

नाओमी : हं. ती मिठाची बरणी सरकव जरा इकडे.

कस्तुरी : तू असं काय केलंस तिच्यासाठी?

नाओमी : काही नाही केलं. एकदा तिने ती गोष्ट सांगितली, मला आवडली. निघताना विचारलं, घरी माझ्या मुलीला सांगितली तर चालेल का? त्यावर दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, गेलं आपलं काम. मग परवा म्हणाली, शनिवारी ये.

कस्तुरी : एवढंच?

नाओमी : एवढंच.

कस्तुरी : एवढं मलाही विचारता आलं असतं. ताई, मला तुझा इतका हेवा वाटतोय ना, सांगायची सोय नाही. शाळेत कुणी माझा पहिला नंबर पळवला तरी असा जळफळाट झाला नव्हता. तू तर ते पुस्तक वाचलंही नाहीस.

नाओमी : अर्धं वाचलंय. तू पाठवलेलं मराठीतलं. चांगलं केलंयस. ओहोटीचं तेवढं जमलं नाही, पाणी असं झटकन नाही जात. तू पुण्याची, तुला कुठून माहीत असणार.

कस्तुरी : काढ, आता चुकाही काढ. बघ, मी कशाला आले ते सरळच सांगते. शनिवारनंतर मराठीत ती गोष्ट तुझ्याकडे असणार. तू हो म्हणालीस तर छापता येईल. पुस्तकात तुझे आभार मानते, पहिल्याच पानावर.

नाओमी : नाही गो.

कस्तुरी : का पण?

नाओमी : ती मला सांगायला देणार आहे. दुसऱ्याला द्यायचं मी तिला विचारलेलं नाही.

कस्तुरी : मग पुण्याला काय कळवू मी?

नाओमी : गोष्ट वगळा म्हणून कळव. आणि तुझ्यासाठी एक निरोप आहे. शनिवारी साक्षीला बसशील का, असं एस्थरने विचारलंय.

कस्तुरी : मी?

नाओमी : कोण काय बोललं, गोष्ट कुणाला दिली, सगळं साक्षीदाराने लक्षात ठेवायचं. लिहून घ्यायचं नाही. पुढे कुणी भांडलं तर त्याने उभं राहून सांगायचं. म्हणाली, त्या पोरीला माझं सहा वर्षांमागचं बोलणं शब्दन्‌शब्द आठवतं.

कस्तुरी : म्हणजे वीस वर्षांनी कुणी विचारलं, मराठीत ही गोष्ट कुणाची, तर मी उठून तुझं नाव घ्यायचं.

नाओमी : हो.

कस्तुरी : आणि हे काम तिने मलाच सांगितलं.

नाओमी : तुझं नाव तिने सगळ्यांत आधी घेतलं. जमणार नसेल तर तसं सांगते तिला.

कस्तुरी : नको. किती वाजता यायचं?