वासे सरळ होते

...नाही, म्हणजे माझं म्हणणं काय, समोरचं वाकडं दिसलं तर माणसाने आधी आपले डोळे चोळावेत की मेहुण्याला बोल लावावा? सांगा ना! पण आमचा नवरा, हाल्वर... एकतीस वर्षं सुक्या कॉडची प्रत ठरवतोय तो. मासा उचलायचा, उजेडात धरायचा, डावा डोळा मिटायचा, उजव्याने एकदाच पाहायचं, नाकाला लावायचा आणि वीस ढिगांतल्या नेमक्या ढिगावर फेकायचा! इटलीहून आलेला व्यापारीसुद्धा त्यापुढे ब्र काढत नाही. सगळ्या लोफोटेन बेटांवर त्या उजव्या डोळ्याचा शब्द शेवटचा. तर त्या डोळ्याने जानेवारीत काय ठरवलं? माझ्या भावाने, स्वेरेने, मासे वाळवायला उभारलेली लाकडी वलांडी वाकडी आहे!

तुम्हाला सांगते, स्वेरेची सगळी हयात वलांड्या बांधण्यात गेली. वादळात घरांची छपरं उडाली, पण त्याचा एक वासा हलला नाही. आणि हा एक डोळा मिटून उभा... "स्वेरे, तो तिसरा वासा बघ, पोट सुटल्यासारखा पुढे आलाय." स्वेरे म्हणतो, "पोट तुझं सुटलंय, वासा सरळ आहे." "डावीकडे घे." "घेतला." "अजून थोडा." "घेतला रे बाबा, आता काय समुद्रात नेऊ?" असं तीनदा! तीनदा सोडली, तीनदा बांधली, थंडीने बोटं वाकेनात. तिसऱ्यांदा हाल्वर म्हणाला, "हं! आता कशी सुतात आली!" स्वेरेने हातोडा बर्फात टाकला आणि आमच्या घरी पाऊल टाकायचं बंद केलं. दर रविवारी माझ्या हातचे वाफल खायला येणारा सख्खा भाऊ! आणि वासे सरळ होते हो! होते म्हणजे... ह्याने 'डावीकडे, डावीकडे' करेपर्यंत होते. आता ती वलांडी अशी उभी आहे, की पाहणाऱ्याला वाटावं आपणच दोन पेले जास्त घेतलेत.

मला कधी कळलं? मार्चमध्ये. हा स्वयंपाकघराच्या दारापाशी उभा राहून म्हणाला, "मारित, ही चौकट वाकडी आहे." ती चौकट कोणी बसवली होती? ह्यानेच! अहो, ह्या माणसाला स्वतःच्या हातचं काम वाकडं दिसलं! म्हटलं, हे साधं नाही. दुसऱ्या दिवशी बोटीत घालून नेला बोडोच्या इस्पितळात.

डॉक्टरीण बाई तरुण, पण खमकी. म्हणाली, "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. पडद्याखाली चरबीचा गाळ साचलाय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते." बघा! ह्याच्या डोळ्यांवर चरबी आलीय असं मी लग्न झाल्यापासून म्हणतेय, हिने ते कागदावर लिहून दिलं! मी विचारलं, "मग काय खायचं?" तर म्हणते, "चरबी." म्हटलं, बाई गं, साचलीय पण चरबी आणि खायची पण चरबीच? तर म्हणे, ती वेगळी. उजेड टिपणाऱ्या पेशींची आवरणंच मुळी चरबीची, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची चरबी तेलकट मासळीतून येते. हाल्वर ताठ बसला. "चार वर्षांचा होतो तेव्हापासून, नावात 'र' असलेल्या प्रत्येक महिन्यात, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, रोज चमचाभर कॉडचं तेल पितोय मी." ती म्हणाली, "छान. आणि पाईप किती वर्षं ओढताय?" त्यावर हा खिडकीबाहेर बघायला लागला. "पाईप आजपासून बंद. भाजीपाला खा. आणि आठवड्यातून दोनदा हेरिंग नाहीतर बांगडा. गेलेलं परत येईल असं वचन देत नाही, उरलंय ते सांभाळायचं."

हेरिंग! अहो, आमच्याकडे हेरिंग गळाला लावतात! परतीच्या बोटीत हा सारखा तेच... "मी आमिष खाऊ? मी? लोक काय म्हणतील, हाल्वरला आता गळाला लावणार?" म्हटलं, मग बांगडा खा. "बांगडा? आजी सांगायची, बांगडा बुडालेल्या माणसांना खातो. त्यात आपले काकाही असतील!" काका बुडाले चाळीस वर्षांपूर्वी! इतका जुना बांगडा कुठे असतो का?

आणि पुन्हा ताजं हेरिंग गावात कोणाकडे? एकट्या स्वेरेकडे! मग काय, तीन दिवस पाईपवाचून धुसफुसत, चौथ्या दिवशी रिकामी बादली घेऊन गेला. मी मागोमाग गेले, हो, भांडणं तोडायला कोणीतरी हवं. स्वेरे विचारतो, "किती गळांसाठी?" हाल्वर पुटपुटला, "खायला." "कोणाच्या मांजराला?" "माझ्या डोळ्याला!" आणि मग सगळं सांगितलं बापड्याने. पडदा, गाळ, रेघा... आणि शेवटी, खाली बघत, "स्वेरे, वासे सरळ होते." एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने दिलेला निकाल फिरवला! स्वेरेने बादली काठोकाठ भरली आणि म्हणाला, "रविवारी वाफल आहेत ना?"

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार हेरिंग. नाक मुरडतो, पण खातो. जूनमध्ये उजवा मिटून, डाव्या डोळ्याने प्रत ठरवायला बसला. पहिले तीन दिवस तोंड असं वेडंवाकडं व्हायचं, की इटलीवाल्याला वाटलं माल खराब निघाला! पण जमलं. प्रत चुकली नाही.

म्हणाल, मिटलं सगळं? कसलं मिटतंय! वाळलेले मासे काढून झाले तसा स्वेरे हातोडा घेऊन वलांडी सरळ करायला आला, तर हा हात पसरून आडवा उभा! "खबरदार हात लावशील तर!" का, तर डॉक्टरीण बाईने रेघांचा एक कागद दिलाय. रोज चांगला डोळा झाकून बघायचा, रेघा जास्त वाकल्या तर त्याच दिवशी इस्पितळात धावायचं, मग डोळ्यात सुई. पण ह्याचा कागदावर विश्वास नाही. "ही वलांडी मी ह्या डोळ्याने सुतात आणलीय. ती सरळ दिसते तोवर डोळा आणखी बिघडलेला नाही!" मी फोन लावला, म्हटलं बाई रागावेल. ती खूप हसली. म्हणाली, कागद बघितलाच पाहिजे, पण वलांडीही राहू द्या.

म्हणजे आता डॉक्टरच्या परवानगीने वाकडी! रोज सकाळी हा डावा डोळा झाकून अंगणात उभा राहतो, मी खिडकीशी श्वास रोखून. "सरळ!" असं ओरडला, की मग मी चुलीवर कॉफी ठेवते. आणि येणारा-जाणारा स्वेरेला विचारतो, ही कोणी बांधली रे? तो बिचारा माझ्याकडे बोट दाखवतो. मी काय सांगू लोकांना? काय करता! बाकीच्यांच्या नवऱ्यांचे डोळे डोक्यात असतात, आमच्याचा डोळा अंगणात वाऱ्यापावसात उभा आहे, आणि त्याला दरसाल नवे दोर लागतात.